अंबाडीकडे पिशवी मागू नका, पाला मागा

जूनमधला पर्यावरण दिन जवळ आला की मुंबईत एक सूचना हमखास वर येते. प्लास्टिकच्या पिशव्या बंद करायच्या आहेत ना, मग बंगालचा ताग कशाला? आपल्या विदर्भ-मराठवाड्यातली अंबाडी आहे की. तिचा वाख, म्हणजे सालीतला धागा, काढा, पिशव्या विणा, शेतकऱ्याला पैसा, शहराला पिशवी. ऐकायला झकास आहे आणि सुचवणाऱ्यांचा हेतूही चांगला असतो. पण पेरणीपासून वाख हाती येईपर्यंतच्या पायऱ्या ओळीने मांडल्या तर ही योजना नोव्हेंबरात, शेततळ्याच्या काठावर अडकते. सरकारने किंवा महापालिकेने यात पैसा घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पिशवीचं कापड मुंबईत आधीच येऊन पडलेलं आहे. अंबाडीकडून शहराने घ्यायचा तो तिचा पाला.

अंबाडी म्हणून आपण ज्या दोन वनस्पती ओळखतो त्या भेंडीच्या, कापसाच्या आणि जास्वंदीच्या कुळातल्या. एक हिरव्या, किंचित काटेरी खोडाची. जुन्या इंग्रजी व्यापारात तिलाच ‘बिमली जूट’ किंवा ‘डेक्कन हेंप’ म्हणत. दुसरी लाल अंबाडी. तिची आंबट पानं भाजीला आणि मांसल बोंडं सरबताला, चटणीला. या लाल अंबाडीतही पुन्हा दोन चाली आहेत: एक उंच, सरळ, फांद्या न फुटणारी, ती वाखाची. दुसरी बुटकी, पसरट, फांद्यांनी भरलेली, ती पानांची आणि बोंडांची. ‘एकाच पिकातून पालाही आणि धागाही’ असं जे सांगितलं जातं ते इथेच चुकतं.

वाखासाठी अंबाडी दाट पेरावी लागते. दोन ओळींत साधारण ३० सेंमी, दोन रोपांत १० सेंमी, हेक्टरी बारा-पंधरा किलो बी. अशा गर्दीत रोपं उजेडासाठी वर धावतात, खालची पानं गळतात, फांदी फुटत नाही आणि दहा-बारा फुटांची सरळ काठी मिळते. वाख म्हणजे त्या काठीच्या सालीतला धागा, त्यामुळे काठी जितकी लांब आणि अखंड तितका तो चांगला. आता भाजीसाठी याच रोपाचा शेंडा खुडला तर बगलेतून दोन-तीन फांद्या फुटतात. प्रत्येक फांदीच्या बुडाशी सालीत गाठ पडते आणि पिंजताना धागा नेमका तिथे तुटतो. शेंडा खुडलेल्या अंबाडीच्या वाखाचा चुरा होतो. तो दोरीलाही नीट लागत नाही, मग सुताचं काय घेऊन बसलात. शेतकऱ्याने पेरतानाच ठरवायचं असतं, पाला की वाख.

समजा वाख ठरवला. जूनमध्ये पेरलेली अंबाडी दिवस लहान होऊ लागल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या आसपास फुलावर येते. निम्म्या झाडांना फूल दिसलं की कापायची. आधी कापली तर धागा कोवळा आणि उतारा कमी, बोंडं भरल्यावर कापली तर साल लाकडाळते आणि कुजायला जास्त दिवस घेते. कापलेल्या काठ्यांच्या वीतभर जाडीच्या पेंढ्या बांधून तीन-चार दिवस शेतातच उभ्या ठेवायच्या, म्हणजे पानं गळून पडतात. मग पेंढ्यांची बुडं दोन-तीन दिवस पाण्यात उभी ठेवायची, कारण बुडाची साल जाड असते आणि तिला आधी सुरुवात करून द्यावी लागते. त्यानंतर पेंढ्या आडव्या रचायच्या. वर पाण्याचा वीतभर तरी थर हवा आणि वजन म्हणून दगड किंवा ओंडके. चिखल किंवा केळीचं खोड वजनाला वापरलं तर धागा काळा पडतो आणि त्याचा भाव उतरतो. हा नियम बंगालातल्या प्रत्येक ताग-शेतकऱ्याला पाठ असतो, आपल्याकडच्या योजनांच्या टिपणात तो कधी सापडत नाही.

पाण्यात होतं ते असं. सालीतले धागे पेक्टिन नावाच्या डिंकासारख्या पदार्थाने एकमेकांना चिकटलेले असतात. पाण्यातले जिवाणू तो डिंक खाऊन टाकतात आणि धागे सुटे होतात. या जिवाणूंना ३४ अंशांच्या आसपासचं कोमट पाणी मानवतं. अशा पाण्यात बारा ते वीस दिवसांत काम उरकतं. लवकर काढलं तर सालीचे तुकडे धाग्याला चिकटून राहतात, उशीर झाला तर जिवाणू धाग्यालाच लागतात आणि तो ओढताच तुटतो. दोन्हींमधली फट एक-दोन दिवसांची असते. म्हणून रोज संध्याकाळी एक-दोन काठ्या काढून साल सुटते का ते पाहावं लागतं.

बंगालात ताग मार्च-एप्रिलमध्ये पेरतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये कापतात. त्या वेळी तळी काठोकाठ भरलेली आणि पाणी कोमट असतं. आपली अंबाडी कापणीला येते तेव्हा पाऊस संपलेला असतो. नोव्हेंबरात अकोला-यवतमाळकडे रात्री गार पडू लागतात, तळ्याचं पाणी थंड होतं, जिवाणू मंदावतात आणि वीस दिवसांचं काम महिन्यावर जातं. यावर उपाय म्हणून अंबाडी मे महिन्यात पेरा म्हणावं, तर विदर्भात मेमध्ये पेरणीला पाणी देणार कोण?

आता पाण्याचा हिशोब. एका हेक्टरात अंबाडीचं हिरवं वजन ३५ ते ४० टन भरतं. त्यातून कोरडा वाख निघतो साधारण दोन टन, म्हणजे पाच-सहा टक्के. पारंपरिक पद्धतीत कुजवायला हिरव्या वजनाच्या वीसपट पाणी धरतात. म्हणजे हेक्टरी सात-आठ लाख लिटर. तीस बाय तीस बाय तीन मीटरच्या शेततळ्यात, उतार धरून, काठोकाठ भरलं तर बावीस लाख लिटर मावतात. म्हणजे पाणी अगदीच आवाक्याबाहेरचं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मुंबईतल्या प्रत्येक घराला एकेक पिशवी द्यायची म्हटली तरी चारेकशे हेक्टर पुरतील. अडचण जमिनीची नाही, एकूण पाण्याचीही नाही. अडचण आहे ती त्या महिन्याची आणि त्या गावाची. साडेसात लाख लिटर म्हणजे एका हेक्टरावर ७५ मिलिमीटर पाणी, हरभऱ्याला एक भरपूर पाळी. नोव्हेंबरात शेततळ्यात जे उरलेलं असतं त्यातून शेतकरी एक तर हरभरा वाचवेल, नाही तर अंबाडी कुजवेल. कुजवलेलं पाणी नंतर शेताला देता येतं हे खरं. पण तोवर ते तळं जनावरांच्या पिण्याच्या कामाचं राहत नाही, मासळी सोडली असेल तर ती मरते, आणि वास आख्ख्या वस्तीला कळतो.

तंत्रज्ञान आहे, नाही असं नाही. काठीवरून यंत्राने ओली साल सोलून नुसती सालच कुजवली तर पाणी आणि दिवस दोन्ही बरेच कमी लागतात. बराकपूरच्या केंद्रीय ताग संशोधन संस्थेने ‘क्रायजाफ सोना’ नावाची जिवाणूंची भुकटी काढली आहे. तिने कुजण्याचे दिवस घटतात आणि धाग्याचा रंगही सुधारतो. ही दोन्ही साधनं वापरून कुणी आपल्या बांधापुरता वाख काढत असेल, पोळ्याला बैलांची वेसण-कासरे घरच्या वाखाचे करत असेल, तर त्याला माझा सलाम. पण गावच्या दोरखंडाचं गणित शहराच्या पिशवीला लागत नाही.

कारण पुढची पायरी गिरणीची आहे. तागाच्या गिरण्या हुगळीच्या काठी एकवटलेल्या आहेत. मुंबईच्या गिरणगावात होतं ते सूत कापसाचं, त्या यंत्रांवर वाख चालला नसता. ताग आणि अंबाडीचा धागा आधी तेल-पाण्याच्या मिश्रणाने मऊ करावा लागतो, मग जाड दातांच्या यंत्रातून पिंजावा लागतो. यवतमाळचा वाख ट्रकने कोलकात्याला, तिथून कापड मुंबईला, असा प्रवास करून आपण पर्यावरणाचं काय भलं करणार? आणि कापसाच्या पट्ट्यात अंबाडीचं क्षेत्र वाढवणं हेही जपूनच. पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण यांना कापूस, भेंडी, अंबाडी सगळं एकच घर. धुऱ्यावर दोन ओळी असणं वेगळं, सलग शेतं उभी करणं वेगळं.

मग पिशवीचं काय? बंदी तर आहेच. राज्याची अधिसूचना २३ मार्च २०१८ची, अंमल २३ जूनपासून. पहिल्या वेळी पाच हजार रुपये दंड, दुसऱ्या वेळी दहा, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. तरीही भाजीबाजारात पातळ पिशवी दिसते आणि तिच्या जोडीला कापडासारखी दिसणारी, दाबून बनवलेली पिशवी. तीही प्लास्टिकच. तिसरा प्रकार म्हणजे सभा-संमेलनांत वाटली जाणारी ‘इको’ तागाची पिशवी. तिच्या आत बोटाने खरवडून पाहा. बहुतेक वेळा कापडाला चिकटवलेला प्लास्टिकचा पापुद्रा लागतो. त्याने पिशवी ताठ उभी राहते आणि वर छपाई छान उठते. पण घडीच्या रेषेवर तो पापुद्रा वर्षभरात तडकतो, त्याचे तुकडे सामानात पडतात, आणि कापड व प्लास्टिक वेगळं करता येत नसल्याने त्या पिशवीला भंगारवालाही हात लावत नाही. अशा पिशव्या पाच-पाच घरात साठतात. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली हिशोब मांडला होता: कापसाची पिशवी नुसत्या हवामानाच्या कसोटीवर प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करायला ५२ वेळा वापरावी लागते, सगळ्या कसोट्या धरल्या तर ७,१०० वेळा. तिथली परिस्थिती वेगळी, धागा वेगळा. पण नवी पिशवी वाटणं म्हणजे पर्यावरणरक्षण ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

मुंबईकडे नवं कापड नको इतकं जुनं बारदान, म्हणजे तागाच्या रिकाम्या गोण्या, आहे. १९८७च्या ताग-वेष्टन कायद्याखाली धान्य तागाच्या गोणीतच भरण्याची सक्ती आहे, साखरेलाही वीस टक्के. शिधावाटप दुकानांत ५० किलोंच्या गोण्यांतून गहू-तांदूळ उतरतो, रिकामं बारदान व्यापारी उचलतात. धान्याची प्रमाणित गोणी ९४ सेंमी लांब, ५७ सेंमी रुंद आणि वजनाला ५८० ग्रॅम. कापड इतकं दणकट की पिशवी म्हणून त्याला काही वर्षं काही होत नाही.

गोणीची शिवण उसवली की प्रत्येक बाजूच्या कापडातून एक पिशवी निघते. ४२ बाय ८८ सेंमीचा तुकडा कापा, बाजूला १५ सेंमी रुंदीची पट्टी उरते. ती उभी दुभंगली की पिशवी धरायचे दोन बंद. मोठा तुकडा मधून दुमडायचा, दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेंमी शिवणीत, तोंडाशी चार-चार सेंमी दुमडीत जातात. तयार पिशवी ३८ बाय ४० सेंमीची. वाया फारसं काही जात नाही. एका गोणीत दोन पिशव्या.

बिघडतं कुठे? पहिलं, तागाचं विणकाम सैल असल्याने कापलेली कड उसवत जाते. कडेवर आधी नागमोडी टाका मारला नाही आणि शिवणीत सेंटीमीटरभरच कापड घेतलं, तर पहिल्याच नारळाला शिवण सुटते. दुसरं, बंद जिथे जोडतात तिथे कापडाचे चार-सहा थर येतात. घरगुती यंत्राची सुई तिथे मोडते. जाड कामाचं यंत्र, अठरा किंवा एकवीस नंबरची सुई आणि चौकोनात फुली अशी शिलाई हवी. तिसरं, धान्याच्या गोणीत सोंडे आणि त्यांची अंडी असतात. झटकून दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरल्याशिवाय ती शिवायला घेऊ नये. म्हणून हे काम ऑक्टोबर ते मे यातच करायचं. पावसाळ्यात मुंबईची हवा इतकी दमट की ताग स्वतःच पाणी धरतो, बुरशी येते आणि कुबट वास बसला की जात नाही. चौथं, गोणी कशाची होती ते पाहिल्याशिवाय घेऊ नये. धान्याचीच घ्यावी, रसायनांची नाही. आणि धाग्याला मऊ करायला वापरलेल्या तेलाचा अंश त्यात असतो, म्हणून सुटं पीठ किंवा सोललेली फळं त्यात थेट टाकू नयेत. भाजी, कांदे-बटाटे, डबे, पुड्या यांना ती उत्तम. ओली मासळी मात्र या पिशवीत घ्यायचीच नाही. तिला झाकणाचा डबा, आणि कोळणीकडे डबा घेऊन जाण्यात कमीपणा कसला?

महापालिकेला पैसा खर्च करायचा असेल तर तो या शिलाईवर करावा. बचत गटांना जाड कामाची यंत्रं, शिधावाटप दुकानांकडून ठरलेल्या भावाने बारदान, आणि निविदेत चारच अटी: आतून पापुद्रा नाही, शिवणीत दोन सेंमी कापड, बंद फुलीच्या शिलाईने, आणि नमुन्याच्या पिशवीत दहा किलो तांदूळ भरून ती दिवसभर खुंटीला टांगून बघायची. फुकट मात्र वाटू नये. फुकटची पिशवी माळ्यावर जाते, विकत घेतलेली बाजारात जाते.

आता पाला. मुंबईत अंबाडीची भाजी मिळते ती बहुधा पावसाळ्यात. ताजा पाला अकोल्याहून पाचशे-सहाशे किलोमीटर आणणं वेडेपणा आहे. पान पातळ, काही तासांत माना टाकतं. तो यायला हवा पालघर, मुरबाड, कर्जत या पट्ट्यातून, जिथून बायका आजही पहाटेच्या लोकलच्या मालडब्यातून रानभाज्या आणतात. विदर्भाने पाठवावा तो वाळवलेला पाला, बिया आणि सुकवलेली लाल बोंडं. त्या बोंडांचा लाल चहा वांद्र्याच्या कॅफेत परदेशी नावाने विकला जातो, आणि पिणाऱ्याला आपण अंबाडी पितोय याचा पत्ता नसतो.

कोकणपट्टीत अंबाडीचा शत्रू साचलेलं पाणी. मुळाशी पाणी थांबलं की खोडाचं बूड काळं पडून कुजतं आणि दोन दिवसांत वाफाच्या वाफा आडवा होतो. म्हणून भातखाचरात नको. उताराची वरकस जमीन घ्यावी किंवा मीटरभर रुंद, वीतभर उंच गादीवाफे करावेत. जूनपासून दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं बी पेरलं तर जुडी सलग मिळत राहते. तीस-पस्तीस दिवसांत रोपं वीत-दीड वीत झाली की उपटून विकावीत, किंवा जमिनीपासून चार-सहा बोटं ठेवून कापावीत, म्हणजे तीन आठवड्यांनी पुन्हा फुटवा येतो. सप्टेंबरनंतर पेरण्यात अर्थ नाही. दिवस लहान झाले की गुडघाभर रोपसुद्धा फुलावर जातं आणि पानं धरत नाही. कापणी संध्याकाळी करावी, जुड्या पाण्यात बुडवू नयेत, क्रेटमध्ये उभ्या लावून वर ओलं गोणपाट टाकावं. प्लास्टिकमध्ये कोंडलेला ओला पाला दुपारपर्यंत काळा पडतो.

एक सावधानता महत्त्वाची. अंबाडी जमिनीतले शिसं-कॅडमियमसारखे जड धातू शोषून घेऊ शकते. काही जण यालाच गुण मानून लोहमार्गालगतच्या, नाल्याच्या पाण्यावर जगणाऱ्या पट्ट्यांत अंबाडी लावायला सांगतात. वाखाची उंच अंबाडी तिथे सिग्नल झाकेल, आणि भाजीची लावली तर तो पाला कुणाच्या ना कुणाच्या ताटात जाणारच. तिथे अंबाडी अजिबात नको.

शहराने करायचं ते एवढंच की लोकलने रानभाज्या आणणाऱ्या या बायकांना बसायला जागा द्यावी. २०१४च्या पथविक्रेता कायद्यात शहर विक्रेता समितीची तरतूद आहे. तिने जून ते सप्टेंबर, सकाळी सहा ते दहा, स्थानकाबाहेर हंगामी ओटे ठरवून द्यावेत. आज त्यांचा निम्मा वेळ टोपली उचलून पळण्यात जातो, आणि तापलेल्या डांबरावर दोन तासांत कोमेजलेली जुडी मग मिळेल त्या भावाला जाते.

दुसरं गिऱ्हाईक आहे ते उपाहारगृहांचं आणि खानावळींचं. त्यांची तक्रार ठरलेली असते, अंबाडीत डाळ शिजत नाही. तक्रार खरी आहे आणि तिचं कारण तेच पेक्टिन. पानातल्या आंबटपणामुळे डाळीतलं पेक्टिन सुटत नाही, दाणा टणकच राहतो, कितीही शिट्ट्या घ्या. तूरडाळ आणि तांदळाच्या किंवा ज्वारीच्या कण्या आधी मऊ शिजवाव्यात. पाला वेगळा उकळून त्याचं पाणी टाकावं, त्याने जादा आंबटपणा आणि ऑक्झॅलेटचा बराच भाग निघून जातो. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी तरीही बेतानेच खावी. मग सगळं एकत्र घोटून मीठ, थोडा गूळ, आणि वरून भरपूर लसूण-लाल मिरचीची फोडणी. भांडं स्टीलचं घ्यावं. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात ही भाजी काळपट होते आणि गिऱ्हाईक ती शिळी समजून परत पाठवतं.